छोट्या देशांचे फुटबॉल संघ आणि पात्रता फेरी: ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

नोव्हेंबर २०२५ मध्ये कुराकाओ विश्वचषकाला पात्र ठरला आणि घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत एकच प्रश्न ऐकू येऊ लागला: हा देश आहे तरी कुठे आणि तो तिथे पोहोचला कसा? त्यासोबत इतरही पुष्कळ प्रश्न येतात. जे पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

छोटा संघ कुणाला म्हणायचं? लोकसंख्येवरून की क्रमवारीवरून?

दोन्ही वापरलं जातं, पण दोन्ही एकच नाही. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम क्रिकेटच्या सामन्याला भरलं की सुमारे ५५ हजार माणसं बसतात. जवळपास तेवढीच लोकसंख्या अख्ख्या फेरो बेटांची आहे. सान मारिनोतली सगळी माणसं, म्हणजे साधारण ३४ हजार, आणून बसवली तरी त्या स्टेडियमचा बराच भाग रिकामा राहील. कॅरिबियन समुद्रातलं कुराकाओ १ लाख ५६ हजारांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर आणि नवी मुंबई ११ लाखांवर होती, हे शेजारी ठेवून पाहा.

पण फेरो बेटं आणि सान मारिनो यांच्या फुटबॉलमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०२५ च्या पात्रता फेरीत फेरोने मॉन्टेनेग्रोला ४-० आणि चेक प्रजासत्ताकाला २-१ हरवलं, ८ सामन्यांत १२ गुण घेतले. सान मारिनो फिफाच्या क्रमवारीत कित्येक वर्षं तळाला आहे. म्हणून या पानावर छोटा संघ म्हणजे ज्याच्याकडे निवडायला खेळाडू कमी, पैसा कमी आणि स्पर्धात्मक सामनेही कमी, असा संघ. तिन्हीत शेवटची कमतरता सगळ्यात घातक आहे आणि तिच्याकडेच लोकांचं सगळ्यात कमी लक्ष जातं.

मग भारत छोटा की मोठा?

समोर कोण आहे त्यावर ठरतं. विश्वचषक पात्रतेत १६ जून २०१५ रोजी पावणेदोन लाखांच्या आतबाहेर लोकसंख्या असलेल्या ग्वाम या प्रशांत महासागरातल्या बेटाने भारताला २-१ हरवलं. त्या गटात इराण, ओमान, तुर्कमेनिस्तान, ग्वाम आणि भारत होते. शेवटी ग्वामचे ७ गुण झाले, भारताचे ३, आणि ते तीनही बंगळुरूत ग्वामलाच १-० हरवून मिळालेले. मालदीवने २००८ आणि २०१८ अशा सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेच्या दोन अंतिम सामन्यांत भारताला नमवलं आहे. आशियाई चषक २०२७ च्या पात्रता फेरीत भारत सिंगापूर, हाँगकाँग आणि बांगलादेशच्या गटातून बाहेर पडला. याउलट जून २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने मंगोलियावर १३ गोल चढवले. छोट्या संघांचा अभ्यास आपल्याला दुरून बघण्याचा विषय नाही. पात्रता फेरीत भारत कधी या बाजूला असतो, कधी त्या.

दहा-दहा गोल खायचे असतील तर हे देश खेळतात कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. खेळल्याशिवाय पुढचे सामने मिळत नाहीत, हे त्याचं मुख्य कारण. राष्ट्रीय संघाला वर्षभर सराव नसतो. फिफाच्या ठरलेल्या खिडक्यांमध्येच (क्लबांनी राष्ट्रीय संघांसाठी खेळाडू सोडायचे ठरावीक दिवस), साधारणपणे एका खिडकीत दोन सामने, एवढाच वेळ संघ एकत्र येतो. स्पर्धेतून लवकर बाद झालेल्या देशाला मग मैत्रीपूर्ण सामने स्वतः शोधावे लागतात, त्यांचा खर्च स्वतः करावा लागतो आणि तळाच्या संघाशी खेळायला कुणी फारसं उत्सुक नसतं.

भूतानचं उदाहरण घ्या. २००० साली कुवेतकडून ०-२०. मार्च २०१५ मध्ये क्रमवारीत २०९ वा, म्हणजे जगात शेवटचा. त्या महिन्यात विश्वचषक पात्रतेच्या पहिल्या फेरीत त्यांनी श्रीलंकेला कोलंबोत १-० आणि थिंफूत २-१ हरवलं. थिंफूतले दोन्ही गोल छेंचो ग्येल्तशेनचे, जो पुढे भारतातल्या क्लबांकडून खेळला. दुसऱ्या फेरीत भूतान आठही सामने हरला, त्यातला एक कतारकडून ०-१५. वरवर पाहता हाती काहीच आलं नाही. पण श्रीलंकेविरुद्धच्या त्या १८० मिनिटांनी त्यांना आठ अधिकृत सामने मिळवून दिले होते. श्रीलंकेच्या वाट्याला ते आले नाहीत. ०-१५ चा आकडा वाचताना हे आठ सामने विसरू नयेत.

३१-० हा निकाल खरा आहे का? असं झालंच कसं?

खरा आहे. ११ एप्रिल २००१, कॉफ्स हार्बर, ऑस्ट्रेलिया विरुद्ध प्रशांत महासागरातला अमेरिकन सामोआ. मध्यंतराला १६-०, एकट्या आर्ची थॉम्पसनचे १३. गोल इतके झाले की फलक लिहिणाऱ्यांचाही हिशेब चुकला, आधी ३२ दाखवले आणि मग ३१ केले.

याचं कारण कागदपत्रांत आहे. स्पर्धेच्या तोंडावर अमेरिकेचं पारपत्र असलेलेच खेळाडू चालतील असं ठरलं आणि मूळ संघातला फक्त एक जण, गोलरक्षक निकी सालापू, पात्र उरला. वीस वर्षांखालच्या संघातल्या मुलांच्या शाळेच्या परीक्षा होत्या. शेवटी १५-१५ वर्षांची मुलं उतरवावी लागली, संघाचं सरासरी वय १८. दोनच दिवस आधी ऑस्ट्रेलियाने टोंगालाही २२-० हरवलं होतं, त्यामुळे दोष एका संघाचा नव्हता, जोड्या लावण्याच्या पद्धतीचा होता. आता ओशनियात सगळ्यात खालचे चार संघ आधी आपापसांत खेळतात. २०२६ साठी सप्टेंबर २०२४ मध्ये आपिया इथे अमेरिकन सामोआ, कुक बेटं, सामोआ आणि टोंगा यांची अशी प्राथमिक फेरी झाली आणि सामोआ पुढे गेला. ऑस्ट्रेलिया २००६ पासून आशियात खेळतो.

आणि हेही लक्षात ठेवा: २२ नोव्हेंबर २०११ रोजी अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ हरवून आपला पहिला अधिकृत विजय मिळवला. गोलपोस्टमध्ये तेव्हाही निकी सालापूच होता.

आशियातली पात्रता फेरी सोप्या भाषेत सांगाल का?

२०२६ ची पद्धत अशी होती. क्रमवारीत आशियात २७ ते ४६ वर असलेले २० संघ ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन-दोन सामन्यांच्या जोड्यांत खेळले. त्यातले १० जिंकले आणि वरच्या २६ जणांना मिळाले. झाले ३६. चार-चारचे नऊ गट, प्रत्येकी पहिले दोन पुढे, म्हणजे १८. मग सहा-सहाचे तीन गट. पहिले दोन थेट विश्वचषकात, तिसऱ्या-चौथ्यासाठी आणखी एक फेरी. एकूण आठ थेट जागा आणि एक प्लेऑफची, म्हणजे शेवटच्या जागांसाठीच्या जादा लढतीची.

छोट्या संघाचं सगळं भवितव्य त्या पहिल्या जोडीत असतं. क्रमवारीत २६ वा असलात तर सहा सामने नक्की, २७ वा असलात तर दोनच नक्की. पाकिस्तानने कंबोडियाला एकूण १-० ने मागे टाकलं, तो त्यांचा विश्वचषक पात्रतेतला पहिलावहिला विजय होता. त्या एका गोलामुळे त्यांना गटातले सहा सामने मिळाले.

सान मारिनो कधी जिंकलाय का?

हो. २००४ मध्ये लिख्टेनश्टाइनला मैत्रीपूर्ण सामन्यात १-०. मग वीस वर्षं काहीच नाही. ५ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा लिख्टेनश्टाइनच, पुन्हा १-०, गोल निको सेन्सोलीचा. हा त्यांचा पहिला स्पर्धात्मक विजय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लिख्टेनश्टाइनच्या राजधानीत, फादुझला जाऊन ३-१ जिंकले आणि युरोपच्या नेशन्स लीगमध्ये वरच्या श्रेणीत गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये दाविदे ग्वाल्तिएरीने इंग्लंडविरुद्ध ८.३ सेकंदांत गोल केला होता तोही याच संघाचा. सामना मात्र ७-१ असा इंग्लंडने जिंकला.

नेशन्स लीगने नेमकं काय बदललं?

बरंच. २०१८ पासून युरोपातले संघ ताकदीनुसार चार श्रेणींत वाटले गेले. अँडोरा, जिब्राल्टर, सान मारिनो यांना पहिल्यांदाच बरोबरीच्या संघांशी नियमित सामने मिळाले. जर्मनीकडून ०-१३ हरून (सान मारिनो, २००६) संघाला फक्त बॉल बाहेर फेकण्याचा सराव होतो. बॉल पायात ठेवायचा, आक्रमण रचायचं, आघाडी टिकवायची, या गोष्टी बरोबरीच्याशी खेळूनच येतात.

दुसरा फायदा मागच्या दाराचा. उत्तर मॅसेडोनिया सगळ्यात खालच्या श्रेणीच्या प्लेऑफमधून युरो २०२० ला गेला. १२ नोव्हेंबर २०२० ला तिबिलिसीत गोरान पांदेवच्या एकमेव गोलने जॉर्जियाला हरवून. जॉर्जियाने मग तसाच रस्ता धरून युरो २०२४ गाठला आणि तिथे पोर्तुगालला २-० हरवलं. २०२६ साठी १२ गटविजेते थेट गेले. प्लेऑफमध्ये १२ उपविजेत्यांसोबत नेशन्स लीगचे चार गटविजेते घेतले, जे पात्रता गटात पहिल्या दोनात आले नव्हते. स्वीडन आपल्या गटात २ गुणांसह तळाला राहिला तरी याच वाटेने प्लेऑफमध्ये पोहोचला. सान मारिनोही गटविजेता असल्याने त्या रांगेत होता, पण क्रमाने त्याच्या वर असलेल्यांनी चारही जागा भरल्या.

फिफा क्रमवारीचे गुण कसे मोजतात? मोठ्या पराभवाने किती घसरण होते?

ऑगस्ट २०१८ पासूनचं सूत्र असं:

नवे गुण = जुने गुण + महत्त्व × (निकाल − अपेक्षा)

निकाल म्हणजे विजय १, बरोबरी ०.५, हार ०. महत्त्व सामन्यानुसार बदलतं: खिडकीबाहेरचा मैत्रीपूर्ण सामना ५, खिडकीतला १०, नेशन्स लीगचा गट सामना १५, पात्रता सामना २५. अपेक्षा दोन संघांच्या गुणांतल्या फरकावरून निघते. फरक ६०० असेल तर खालच्या संघाची अपेक्षा सुमारे ०.०९ येते.

आता ८५० गुणांचा संघ १४५० गुणांच्या संघाशी पात्रता सामना खेळला असं धरा. हरला तर जेमतेम २.२७ गुण जातात. बरोबरी साधली तर १०.२३ मिळतात, जिंकला तर २२.७३. किती गोलने हरलात याला सूत्रात जागाच नाही. ०-१ आणि ०-९ सारखेच. म्हणून बलाढ्य संघाशी ठेवलेला सामना छोट्या देशाला क्रमवारीत फारसा महागात पडत नाही. खरा धोका असतो आपल्याच तोडीच्या संघाकडून हरण्यात. समान गुणांच्या संघाकडून पात्रता सामना गमावला की एका फटक्यात १२.५ जातात.

गोलफरक मग कुठे लागतो?

गुणतालिकेत. २०२६ च्या विश्वचषक पात्रतेत गुण समान झाले तर आधी एकूण गोलफरक, मग केलेले गोल, मग आपापसातला निकाल. आशियाई चषकाच्या पात्रतेत उलट, आधी आपापसातला निकाल. स्पर्धेचे नियम पाहिल्याशिवाय गणित मांडू नका, नाहीतर शेवटच्या दिवशी सगळा हिशेब चुकतो.

आणखी एक बारकावा: वेगवेगळ्या गटांतल्या उपविजेत्यांची तुलना करताना कधी कधी तळाच्या संघाविरुद्धचे सामने वगळतात. आफ्रिकेत एरिट्रियाने माघार घेतल्याने एक गट पाचचाच उरला, म्हणून बाकी गटांतल्या सहाव्या संघाविरुद्धचे निकाल तुलनेत धरले नाहीत. अशा वेळी तळाच्या संघावर चढवलेले आठ-नऊ गोल त्या तुलनेपुरते शून्य होतात.

काही देश घरचा सामना परदेशात का खेळतात?

मैदान मंजूर होत नाही म्हणून. १०५ × ६८ मीटरचं मैदान, पुरेसा प्रकाशझोत, दोन्ही संघांना आणि पंचांना वेगळ्या खोल्या, उत्तेजक चाचणीची खोली, प्रेक्षकांसाठी आसनं आणि सुरक्षित दारं. यातलं एक जरी नसलं तरी परवानगी अडते. जिब्राल्टर सुरुवातीची काही वर्षं घरचे सामने पोर्तुगालमध्ये खेळला. लेसोथोला शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत जावं लागलं. अफगाणिस्तानने मार्च २०२४ मध्ये भारताविरुद्धचा आपला घरचा सामना सौदी अरेबियात आभा इथे ०-० खेळला आणि पाच दिवसांनी गुवाहाटीत २-१ जिंकला. त्यांचं कारण अर्थात वेगळं आहे, देशातली परिस्थिती.

परक्या मैदानावर प्रेक्षक नसतात, तिकिटांचं उत्पन्न नसतं, आणि हवामान-उंचीचा फायदाही जातो. थिंफू २३०० मीटरवर आहे. तिथे पाहुण्या संघाला शेवटच्या अर्ध्या तासात दम पुरत नाही. बोलिव्हियाने तर सामने ४१०० मीटरहून उंच एल आल्टोला नेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलला १-० हरवलं.

क्वचित परक्या मैदानावरही चमत्कार होतो. १२ सप्टेंबर १९९० ला फेरो बेटांनी आपला पहिला स्पर्धात्मक सामना स्वीडनमधल्या लांड्सक्रोना इथे खेळला, कारण बेटांवर गवताचं मैदानच नव्हतं. समोर ऑस्ट्रिया. टॉर्किल निल्सनच्या गोलने फेरो १-० जिंकले.

कृत्रिम गवत चालतं का? आपल्याकडच्या टर्फसारखं?

चालतं, पण आपल्या सोसायट्यांमागच्या आणि उड्डाणपुलाखालच्या टर्फसारखं नाही. पात्रता सामन्यासाठी 'फिफा क्वालिटी प्रो' प्रमाणपत्र लागतं. त्यात बॉलची उसळी, घरंगळण्याचं अंतर, पायाला मिळणारा आधार, धक्का शोषण्याची क्षमता हे सगळं मोजतात. प्रमाणपत्र एकच वर्ष टिकतं, मग पुन्हा चाचणी. लोकवस्तीतल्या मैदानांसाठी 'फिफा क्वालिटी' ही साधी श्रेणी असते, ती तीन वर्षांची. फेरोसारख्या पावसाळी देशात कृत्रिम गवताने वर्षभर सरावाची सोय केली. ठाण्यातला जुलै आठवला तर यातला फायदा वेगळा सांगायला नको.

खेळाडू कुठून आणतात? कुणालाही खेळवता येतं का?

नाही. त्या देशाचं नागरिकत्व हवंच. त्याशिवाय खेळाडूचा, त्याच्या आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म तिथे झालेला हवा. यातलं काही नसेल तर तिथे राहिल्याची अट लागते, १८ वर्षांनंतर गेलेल्यासाठी ती ५ वर्षांची आहे. मैत्रीपूर्ण सामना खेळल्याने कुणी कायमचा बांधला जात नाही. अधिकृत सामने खेळूनही बदल शक्य आहे, पण अटी कडक: वरिष्ठ संघाकडून जास्तीत जास्त ३ सामने, तेही २१ वर्षं पूर्ण होण्याआधी, शेवटच्या सामन्याला ३ वर्षं झालेली, आणि विश्वचषक किंवा खंडाच्या अंतिम स्पर्धेत एकदाही न उतरलेला.

कुराकाओचे जवळजवळ सगळे खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मलेले, बेटावर जन्मलेला ताहित चाँग हा अपवाद. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या केप व्हर्डे या बेटांच्या देशाने रोबेर्तो लोपेस या डब्लिनमध्ये जन्मलेल्या बचावपटूला लिंक्डइनवर संदेश पाठवून शोधलं. पहिला पोर्तुगीजमधला संदेश त्याने फालतू समजून सोडून दिला होता. असे खेळाडू आणले तर तो संघ 'खरा' राहत नाही, असं काही जण म्हणतात. ते पटत नाही. ज्या देशाची निम्मी माणसं पोटासाठी बाहेर गेली, त्याने त्यांच्या मुलांना परत हाक मारली तर त्यात खोटं काय?

मग परदेशातले भारतीय वंशाचे खेळाडू भारताकडून का खेळत नाहीत?

फिफाची आडकाठी नाही, आपल्या कायद्याची आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. केंद्राच्या २००८ च्या धोरणानुसार राष्ट्रीय संघात भारतीय पारपत्रधारकच चालतो. म्हणजे परदेशी पारपत्र सोडावं लागतं. इझुमी अराताने जपानचं सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं सोडलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताच्या शिबिरात आला. ऐरोली-वाशीतले जे पालक परदेशात जन्मलेल्या मुलासाठी विचारतात त्यांनी आधी पारपत्राचा निर्णय काय होणार ते पाहावं, चाचणी शिबिराचं नंतर.

अपात्र खेळाडू खेळवला तर काय होतं?

सामना ०-३ ने गमावल्याचं धरतात आणि दंड होतो. प्रकार गंभीर असेल तर बंदी. तिमोर-लेस्तेने खोट्या कागदपत्रांवर ब्राझीलचे खेळाडू उतरवले म्हणून आशियाई महासंघाने २०१७ मध्ये त्यांना २०२३ च्या आशियाई चषकातून बाद केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मलेशियाच्या सात खेळाडूंच्या कागदपत्रांवरून फिफाने कारवाई केली.

पण सगळ्यात जास्त चुका खोटेपणातून होत नाहीत, कार्डांची नोंद न ठेवल्याने होतात. दोन वेगवेगळ्या पात्रता सामन्यांत दोन पिवळी कार्डं मिळाली की पुढचा एक सामना बंद. दोन सामन्यांमध्ये कित्येक महिने जातात, प्रशिक्षक बदलतो, व्यवस्थापक बदलतो आणि जुनं कार्ड कुणाला आठवत नाही. मार्च २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने लेसोथोला २-० हरवलं, पण तेबोहो मोकोएना निलंबित असताना खेळला. निकाल फिरला, लेसोथोला ३-० विजय मिळाला. दक्षिण आफ्रिका तरीही पात्र ठरला.

केप व्हर्डेचं नशीब तेवढं बलवत्तर नव्हतं. सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांनी ट्युनिसियाला त्यांच्याच घरी २-० हरवून शेवटची प्लेऑफ फेरी गाठली होती. निलंबित फर्नांदो वारेला मैदानात उतरला होता म्हणून विजय काढून घेतला गेला आणि ट्युनिसिया पुढे गेला. छोट्या संघाने एक माणूस फक्त या नोंदींसाठी ठेवावा: खेळाडूचं नाव, सामना, मिनिट, कार्डाचा रंग आणि महासंघाचं पत्र. प्रत्येक सामन्याआधी ही वही आणि संघाची यादी शेजारी ठेवून तपासायची. बिनखर्चाचं काम आहे.

हे संघ मैदानावर खेळतात कसे? फक्त मागे बसतात?

बहुतेक वेळा ५-४-१, म्हणजे पाच बचावात, चार मध्ये, एक पुढे. पण मागे बसणं आणि नीट मागे बसणं यात फरक आहे. बचावफळी आणि मधली फळी यांच्यात १०-१२ मीटरपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, पुढच्या खेळाडूपासून शेवटच्यापर्यंत ३०-३५ मीटर. बाजूने येणारा क्रॉस चालेल, मधून जाणारा पास नाही.

हे बिघडतं कुठे? पहिली पंधरा मिनिटं. लवकर गोल बसला की खेळाडू पुढे पळतात, अंतर वाढतं आणि गोलांची रांग लागते. दुसरं, शेवटची वीस मिनिटं. अर्धवेळ खेळणाऱ्यांचे पाय जड होतात, सरकायला अर्धा सेकंद उशीर होतो. पाच बदली खेळाडूंचा नियम इथे उलटा बसतो, कारण मोठ्या संघाच्या बाकावरचे पाचही ताजे आणि तितकेच तयार असतात. तिसरं, बॉल सुटल्यावरचा पहिला पास. नुसता लांब फेकला तर तो दहा सेकंदांत परत येतो. पुढे एक जण असा हवा जो पाठीवर बचावपटू घेऊन बॉल चार-पाच सेकंद धरेल. तेवढ्यात मागचे दहा जण श्वास घेतात आणि दहा पावलं वर येतात.

गोल करायचा तर कॉर्नर, फ्री किक आणि लांब थ्रो. आइसलँडने २७ जून २०१६ ला नीस इथे इंग्लंडला २-१ हरवलं, त्यातला आइसलँडचा पहिला गोल लांब थ्रोवरूनच आला. दोन दिवसांच्या शिबिरात खेळाची पूर्ण पद्धत बसत नाही, पण चार सेट पीस नक्की बसतात.

शिबिर दोनच दिवसांचं? एवढं कमी का?

क्लबवर खेळाडू सोडण्याचं बंधन खिडकीपुरतंच असतं. खेळाडू रविवारी क्लबकडून खेळतो, सोमवारी-मंगळवारी पोहोचतो, सामना गुरुवारी. मधल्या काळात एक सराव स्नायू मोकळे करण्यात जातो. हातात उरतो एक, फार तर दोन. शिवाय हौशी संघात शिक्षक, पोलीस, बँकेतले लोक असतात, त्यांना सुट्टीही मागावी लागते. आइसलँडचे प्रशिक्षक हेमिर हॉलग्रिमसन दंतवैद्य होते.

पैसा कुठून येतो?

मुख्यतः फिफाकडून. २०२३ ते २०२६ या चार वर्षांत प्रत्येक सदस्याला ८० लाख डॉलरपर्यंत: त्यातले ५० लाख रोजच्या कामासाठी, ३० लाख मैदानांसारख्या प्रकल्पांसाठी. ज्यांचं उत्पन्न फार कमी त्यांना प्रवासासाठी आणखी १० लाखांपर्यंत आणि साहित्यासाठी २ लाखांपर्यंत. तरीही कमी पडतं. २३ खेळाडू आणि १२ कर्मचारी धरले तर ३५ तिकिटं, बेटावरून दोन-तीन विमानं बदलून, वर हॉटेल. भारताला हरवणाऱ्या ग्वामने पुढे पैशाअभावी २०१९ च्या आशियाई चषक पात्रतेतून माघार घेतली. जिंकलेले सामने असे वाया जाताना पाहून वाईट वाटतं.

महासंघ निलंबित झाला तर संघाचं काय?

संघ खेळू शकत नाही, निधी थांबतो. सरकार किंवा न्यायालयाने नेमलेल्यांच्या हाती कारभार गेला की फिफा 'त्रयस्थ हस्तक्षेप' म्हणून कारवाई करते. भारताचं निलंबन १६ ते २६ ऑगस्ट २०२२ एवढंच टिकलं. श्रीलंकेचं त्यानंतरच्या वर्षी कित्येक महिने चाललं.

कुराकाओ आणि केप व्हर्डे पात्र झाले ते नशिबाने?

दार उघडं मिळालं हे खरं. विश्वचषक ४८ संघांचा झाला. अमेरिका, मेक्सिको, कॅनडा यजमान असल्याने त्या भागाच्या पात्रता फेरीत नव्हतेच. पण दारातून चालत जावं लागतंच. कुराकाओ दोन फेऱ्यांत मिळून १० सामन्यांत एकदाही हरला नाही. शेवटच्या सामन्यात किंग्स्टनला जमैकाशी बरोबरी पुरेशी होती, ती ०-० अशी साधली. जमैकाचे फटके तीनदा गोलच्या चौकटीवर आदळले. प्रशिक्षक डिक ॲडव्होकाट घरच्या कारणामुळे तिथे नव्हते.

केप व्हर्डेच्या गटात कॅमेरून होता. जून २०२४ मध्ये त्यांच्याकडून १-४ हरले, सप्टेंबर २०२५ मध्ये घरी, प्राइयात १-० जिंकले आणि १३ ऑक्टोबरला एस्वाटिनीला ३-० हरवून गटात पहिले आले. २०१३ मध्ये कागदावर हरलेला हाच देश.

न खेळताही बाद होतात का?

होतात, आणि ते नेरुळलाच घडलं. महिला आशियाई चषक, २३ जानेवारी २०२२, भारत विरुद्ध चायनीज तैपेई. कोविडमुळे भारताला किमान १३ खेळाडूही उभे करता आले नाहीत. सामना झाला नाही आणि यजमान भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचं धरलं गेलं.

असे छोटे संघ आपल्या भागात कधी आलेत?

ऑगस्ट २०१७ मध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात मॉरिशस आणि सेंट किट्स अँड नेव्हिस आले होते. भारताने मॉरिशसला २-१ हरवलं. सेंट किट्सची लोकसंख्या ५० हजारांच्या घरात, त्यांनी १-१ अशी बरोबरी साधली. त्याआधी सप्टेंबर २०१६ मध्ये तिथेच प्वेर्तो रिकोला भारताने ४-१ हरवलं होतं. असे सामने ठरले की तिकीट सहज मिळतं. ठाण्याहून घाटकोपरला उतरून मेट्रोने आझाद नगर गाठावं, तिथून स्टेडियम चालत.

घरबसल्या पाहायचे तर वेळा कोणत्या?

युरोपातला रात्री पावणेनऊचा सामना आपल्याकडे उन्हाळी वेळेत, म्हणजे जून, सप्टेंबर आणि बहुतेक ऑक्टोबरमध्ये, मध्यरात्रीनंतर १२.१५ ला सुरू होतो. नोव्हेंबरमध्ये १.१५ ला. मार्चची खिडकी घड्याळ बदलण्याच्या सुमारास येते, तेव्हा तारीख पाहून घ्यावी. छोट्या संघांचे सामने बरेचदा तिथल्या संध्याकाळी सहाला लावतात, ते आपल्याकडे ९.३० किंवा १०.३० ला दिसतात. थिंफू आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे, माले अर्धा तास मागे, ग्वाम साडेचार तास पुढे, आपिया साडेसात तास पुढे.

कॅरिबियनसाठी तारीख एक दिवस पुढची धरावी. किंग्स्टनमधला रात्री आठचा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ६.३० ला असतो, त्यामुळे पूर्वार्ध घरी पाहून उत्तरार्ध ठाणे स्टेशनच्या फलाटावर फोनवर पाहावा लागतो. प्रक्षेपणाचे हक्क दर मोसमात बदलतात. वाहिनीवर सामना नसेल तर त्या देशाच्या महासंघाचं यूट्यूब खातं आधी तपासा, कारण तळाच्या संघांचे सामने पुष्कळदा तिथेच फुकट दाखवतात.

ग्रीनलँड, मोनॅको, व्हॅटिकन का नाहीत?

फिफाचे २११ सदस्य आहेत आणि आधी एखाद्या खंडीय महासंघाचं सदस्यत्व लागतं. युरोपात आता संयुक्त राष्ट्रांच्या बहुसंख्य सदस्यांनी स्वतंत्र म्हणून मान्य केलेला देशच नवा सदस्य होऊ शकतो. फेरो बेटं ही अट येण्यापूर्वीच आत आली होती. मोनॅको आणि व्हॅटिकन सदस्य नाहीत. ग्रीनलँडने उत्तर अमेरिकेच्या महासंघाकडे अर्ज केला, तो जून २०२५ मध्ये फेटाळला गेला.